मृगाआधी जीपचे हूड एकदा चढवून बघा!

पाऊस सांगून येत नाही, आणि जुन्या जीपचे हूड घाईत बसत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्या म्हणजे काय होते, ते ज्याच्या दारात जुनी जीप आहे त्याला सांगायला नको. तरीही सांगतो, कारण आमच्या घरी ही अद्दल जरा महागात पडणार होती.

गोष्ट २०१८ सालच्या जूनमधली. अण्णांच्या डोळ्याला मोतीबिंदू. पेरणी सुरू झाली की म्हातारा दवाखान्याचे नाव काढू देणार नाही, म्हणून मृगाच्या तोंडालाच ऑपरेशन उरकून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी मिळाली. डॉक्टरांनी बजावून सांगितले होते, "डोळ्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये." एस.टी.च्या गर्दीत धक्का नको म्हणून आम्ही घरची जीप नेलेली. वैरण, खताची पोती वाहायला सोपे पडावे म्हणून चैत्रातच हूड उतरवून मागे गुंडाळून टाकले होते. सकाळी निघताना ऊन असे की हूड चढवायचे मनातही आले नाही.

घाट चढत होतो आणि आभाळ भरून आले. टपोरे थेंब पडू लागले. मी आणि पुतण्या खाली उतरलो, हूड ओढून काढले आणि झटापट सुरू झाली. एका कमानीची खुंटी गंजून बसलेली. एक पट्टा उंदराने कुरतडलेला. मागचे पट्टे कचकचून आवळले, तर पुढे काचेच्या चौकटीपर्यंत कापड चार बोटे कमी! ओढावे तर शिवण उसवेल, सोडावे तर पाऊस आत. इकडे अण्णा पुढच्या सीटवर, डोळ्याला पट्टी, डोक्यावर युरियाचे रिकामे पोते. वर म्हणतात, "आरं, ऱ्हाऊ दे, माझं काय मिठाचं आंग हाय व्हय?" पण आवाज कापत होता.

तेवढ्यात मागून एक वडापवाला आला. गाडी बाजूला घेऊन उतरला, एकदा बघितले आणि म्हणाला, "मागचं आधी आवळलं म्हनून फुडचं यीना. सोडा समदं. पयल्यापास्नं घाला." त्याने सगळे पट्टे ढिले केले. आधी पुढची कड काचेच्या चौकटीवर अडकवली, मग कापड कमानींवरून मागे नेले, मागचे पट्टे नुसते ओवले, बाजूचे पडदे लावले आणि सगळ्यात शेवटी सगळीकडचा ताण थोडा थोडा करून आवळला. आम्ही अर्धा तास झगडत होतो, ते त्याने दहा मिनिटांत केले. पैसे घेतले नाहीत. "तंबाकू हाय का?" एवढेच विचारले.

तोवर पट्टी ओली झालीच होती. गाडी वळवून पुन्हा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पट्टी बदलली, औषधाचे थेंब दिले आणि आम्हा दोघांना शाळकरी पोरांसारखे झापले. पंधरा दिवस घरात कुणाला धड झोप नव्हती. डोळा वाचला. पण तो नशिबाने वाचला, आमच्या शहाणपणाने नव्हे.

जीपला कापडी टप का, असे तुम्ही विचाराल. ही गाडी मुळात लढाईसाठी जन्मली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने विलीज जीप वापरली. हूड झटकन काढता यावे, पुढची काच बॉनेटवर आडवी टाकता यावी आणि गाडी बुटकी, हलकी राहावी, असा हिशेब होता. काढणे सोपे, चढवणे अवघड, ही खोड तिथलीच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत या जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे ती आपल्या वाडीवस्तीवर पोचली. २०१० मध्ये आलेल्या 'थार'लाही कापडी टप होता, आणि २०२० च्या नव्या 'थार'मध्येही तसा टप मिळू लागला. तेव्हा ही कटकट आजोबांच्या गाडीपुरतीच आहे असे समजू नका.

आता कामाचे बोलू. मे महिन्यातली एक दुपार काढा आणि हूड चढवून बघा. दुपारच का? रेक्झिन गारठ्यात ताठ होते आणि उन्हात नरम पडते. तेव्हा ते चार बोटांचे अंतर आपोआप भरून येते. कमानींच्या खुंट्या घासून तेल द्या. तुटके पट्टे, बक्कल, बटणे बदलून घ्या. हूडमध्ये कापडाआधी कुजतो तो शिवणीचा दोरा. म्हणून सीट-कव्हर शिवणाऱ्याकडून नायलॉनच्या दोऱ्याने शिवण पुन्हा मारून घ्या आणि तिच्यावर मेण घासा. सुईच्या भोकांतूनच पाणी झिरपते. सुती कॅनव्हास असेल तर धुण्याच्या पावडरीने धुऊ नका, त्यावरचे पाणीरोधक निघून जाते. भर पावसात आतून हातही लावू नका. हात लागेल तिथून ठिबकायला लागते.

आणि ओले हूड कधीही गुंडाळून ठेवू नका. बुरशी धरते, काळे डाग पडतात, कापड विरते. वाळवूनच घडी घाला. पडद्याच्या प्लॅस्टिकच्या खिडक्यांमध्ये जुने धोतर घाला, म्हणजे चरे पडणार नाहीत. घडी जमिनीवर न टाकता आढ्याला टांगा, नाहीतर उंदीर मामा आहेतच.

एक इशारा. हूडच्या कमानी फक्त कापड तोलतात. गाडी उलटली तर त्या माणूस वाचवत नाहीत. तेव्हा हूड आहे म्हणून माणसे कोंबू नका.

आमच्या घरी आता नियम झाला आहे. अक्षय तृतीया झाली की हूड बाहेर काढायचे, आणि घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी स्वतः चढवून दाखवायचे. गेल्या खेपेला पुतण्याने एकट्याने चढवले. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "डाव्या अंगाचं बटान ऱ्हायलं बघ."

ऑपरेशन झालेल्या डोळ्याने त्यांना ते बटण दिसले होते.