अमूर ससाणा: शिकार करणाऱ्या गावानेच पक्षी कसे वाचवले?

जेमतेम दीडशे ग्रॅमचा अमूर ससाणा दरवर्षी सायबेरिया आणि उत्तर चीनमधून दक्षिण आफ्रिकेकडे जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लाखो ससाणे नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ थांबतात. पंख फुटलेली वाळवी खाऊन ते अंगावर चरबी साठवतात. पुढे न थांबता अरबी समुद्र ओलांडायचा असतो.

२०१२ मध्ये काय घडलं?
मासेमारीची जाळी झाडांमध्ये लावून एका हंगामात लाखाहून अधिक ससाणे मारल्याचा अंदाज आहे. व्हिडिओ पसरला आणि जगभरातून टीका झाली.

वर्षभरात काय बदललं?
नागालँडमधली बहुतांश जमीन गावांची आणि कुळांची आहे. त्यामुळे नुसता सरकारी आदेश पुरेसा नव्हता. ग्रामपरिषदांनी बंदी घातली. चर्च, वनविभाग आणि पक्षिसंस्था सोबत आल्या. २०१३ च्या हंगामात शिकार थांबली. त्याच नोव्हेंबरमध्ये शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांना सॅटेलाइट टॅग लावले. त्यांची नावं: नागा, वोखा आणि पांगती. यातलं पांगती हे शिकारीसाठी बदनाम झालेलं गाव!

आता आव्हान काय?
शिकारीतून मिळणारं उत्पन्न बुडालं, त्याला पर्याय हवा. ससाण्यांना रात्री बसायला झाडं आणि खायला वाळवी हवी, म्हणजे जंगलही टिकायला हवं. दोन्हीची चावी गावाच्याच हातात आहे.