स्टिअरिंग बॉक्सचा काय गुन्हा?

गाडी दोन इंच उचलून घेतली, मोठे टायर चढवले, सोसायटीच्या गेटवर फोटो झाले. मग पहिल्याच रविवारी ताम्हिणी उतरून मुंबई-गोवा हायवेला लागलात आणि ऐंशीच्या वेगाला लक्षात आलं, की गाडी आपल्याच तंद्रीत चालली आहे. सारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे सावरावं लागतंय. वळण संपलं तरी स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही. गॅरेजमध्ये यावर निदान ठरलेलं असतं, “स्टिअरिंग लूज झालंय.” आणि उपायही ठरलेला, “बॉक्स टाइट करून देतो.”

आदल्या दिवशी हाच बॉक्स ठणठणीत होता. लिफ्ट किट बसवताना त्याला कोणी हातही लावला नव्हता. तो एका रात्रीत झिजेल कसा?

खरी गडबड ‘लूज’ या शब्दात आहे. तीन वेगवेगळ्या तक्रारी आपण याच एका शब्दात कोंबतो. स्टिअरिंग दोन-तीन बोटं फिरवलं तरी चाकं हलत नाहीत, तो प्ले. प्ले नसतानाही गाडी रस्त्यावर भटकते, ती दुसरी तक्रार. आणि खड्डा लागला की हँडल हातात थडथड नाचतं, ते व्हॉबलिंग. लिफ्टनंतर बहुतेकांची तक्रार दुसरी असते आणि इलाज मात्र पहिलीवरचा होतो.

बॉक्स टाइट करण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. जिप्सी आणि जिम्नी या दोन्ही गाड्यांना रॅक-पिनियन नाही. गोळ्यांवर फिरणाऱ्या नटाचा जुन्या धर्तीचा बॉक्स आहे. त्याच्या डोक्यावर एक स्क्रू असतो. हा बॉक्स मुद्दामच असा बनवलेला असतो, की मधोमध तो किंचित घट्ट आणि दोन्ही बाजूंना किंचित सैल. गाडी सरळ चालताना हात स्थिर राहावा, यासाठी ही सोय. स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला की बॉक्स मध्यावर अडकायला लागतो. म्हणजे आधी स्टिअरिंग आळसाने परत येत होतं, आता ते येतच नाही. वर आतले दात आणि गोळ्या झिजतात ते वेगळंच.

याच बॉक्सची आणखी एक गंमत आहे. लिफ्टनंतर गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग व्हील मात्र वाकडं दिसतं. कारण बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकचा उतार वाढतो आणि तिची आडवी पोच कमी पडते. पुष्कळ जण व्हील काढून एक-दोन दाते फिरवून पुन्हा बसवतात. डोळ्यांना सरळ दिसतं, पण आता गाडी सरळ जाताना बॉक्स मध्यावर नसतो, त्याच्या सैल भागात असतो. इथे मात्र खरोखरचा प्ले जाणवतो, आणि तो आपणच घरी आणलेला असतो. बरोबर रीत अशी, की बॉक्स मध्यावर आणायचा आणि ड्रॅग लिंकची लांबी जुळवायची. जिम्नीला ईएसपी आहे. स्टिअरिंगचा कोन आणि गाडीची दिशा यांचा मेळ बसला नाही, तर डॅशबोर्डवर दिवा लागू शकतो. तो दिवा वायरिंगच्या माणसाकडे नेऊ नका.

आता भटकण्याचं मूळ. सायकलचा चिमटा आठवा. तो सरळ उभा नसतो, वरचं टोक मागे झुकलेलं असतं. मोटारीच्या पुढच्या चाकाचा वळण्याचा आसही असाच मागे झुकलेला असतो. त्या कोनाला कॅस्टर म्हणतात. आस जिथे जमिनीला भिडला असता, त्याच्या थोडं मागे टायर टेकतो आणि गाडी पुढे जाताना चाक आपोआप मागे ओढलं जाऊन सरळ होतं. दुकानातली सामानाची ट्रॉली ढकलली की तिची चाकं जशी मागे फिरून रांगेत येतात, तसंच.

जिम्नीचा पुढचा अॅक्सल अखंड आहे आणि दोन लांब हात त्याला चॅसीशी बांधतात. हे हात चॅसीकडे मागच्या बाजूला जोडलेले असतात, अॅक्सल पुढच्या टोकाला. गाडी उचलली की अॅक्सल चॅसीपासून खाली जातो, हात पुढून खाली झुकतात आणि त्यांच्याबरोबर सगळा अॅक्सल पुढे कलंडतो. जेवढा कलंडला तेवढा कॅस्टर गेला. “दोन इंचांनी काय होतंय?” असं म्हणणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. समजा हात ७५ सेंटिमीटर लांब आहे आणि गाडी ५ सेंटिमीटर वर गेली, तर अॅक्सल जवळजवळ पावणेचार अंश फिरतो. अशा गाड्यांचा मूळ कॅस्टरच मोजक्या अंशांचा असतो. त्यातून पावणेचार काढल्यावर हातात काय उरणार?

उपाय तीन. कॅस्टर दुरुस्तीचे बुश, ज्यांचं छिद्र मध्यापासून सरकवलेलं असतं. हातांचं चॅसीकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट. किंवा मुळातच वेगळ्या कोनाचे हात. दोन इंचांपर्यंत बुश स्वस्त आणि पुरेसे. ब्रॅकेटने चाल छान राहते, पण ते दगडांना अडतात. जिप्सीच्या कमानपाट्यांत अॅक्सलच्या बैठकीखाली पाचर देऊन हाच कोन परत मिळवतात. मात्र हावरटपणा नको. कॅस्टर वाढवला की पुढच्या डिफरन्शियलचं तोंड खाली वळतं, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो आणि फोर-व्हील लावल्यावर खालून घरघर सुरू होते.

“अलाइनमेंट करून आणलंय, रिपोर्टही हिरवा आहे.” अखंड अॅक्सलवर अलाइनमेंटवाला बहुतेक वेळा फक्त टो-इन जुळवू शकतो. कॅस्टर बदलायला त्याच्याकडे नटच नसतो. टो महत्त्वाचा आहेच. चाकं बाहेरच्या बाजूला फाकलेली असली तर गाडी नक्की भटकेल. पण रिपोर्टवर कॅस्टरचा आकडा कुठे आहे, हे विचारा आणि तो कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. २०२० च्या थारचं गणित वेगळं. तिला पुढे स्वतंत्र डबल विशबोन आहेत. तिथे उंची वाढली की कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात, त्यामुळे लिफ्टनंतर अलाइनमेंट टाळून चालतच नाही.

व्हॉबलिंगवर जाडजूड स्टिअरिंग डॅम्पर बसवणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर फोडणं. डॅम्पर थरथर गिळतो. सैल किंगपिन बेअरिंग, झिजलेला बॉल जॉइंट किंवा बॅलन्स नसलेला टायर तसाच राहतो. काही महिन्यांत डॅम्परही थकतो.

गाडी किंचित डावीकडे ओढते म्हणून घाबरू नका. पाणी निथळावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार देतात आणि आपण डावीकडून चालतो. उजव्या उतारावरही ती डावीकडेच गेली, तर मात्र शोध घ्या.

“नुसत्या स्प्रिंगा तर बदलल्या, आरटीओ काय म्हणणार?” हाही गैरसमजच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ही माहिती लिफ्ट किटच्या खोक्यावर छापलेली नसते.

राहिली तपासणी. गाडी जॅकवर घेऊ नका, चाकं जमिनीवरच राहू द्या. इंजिन चालू, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. एकाने स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवी हलवायचं आणि दुसऱ्याने बाजूने वाकून बॅटरीच्या उजेडात बघायचं. बॉक्स, ड्रॅग लिंक, टाय रॉडची टोकं या क्रमाने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत जायचं. हालचाल जिथे हरवते, तिथे दोष. शेवटी पॅनहार्ड रॉड. हा आडवा रॉड अॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. त्याचा बुश किंवा बोल्ट सैल असला, की स्टिअरिंग फिरवल्यावर आधी चाक नाही, सगळा अॅक्सलच सरकतो.

एका मित्राच्या जिम्नीला बॉक्सच बदलायचा, असं ठरलं होतं. किंमत ऐकून त्याने नुकताच चहा बाजूला ठेवला होता. आम्ही ही तपासणी केली, तर पॅनहार्डचा बोल्ट हाताने फिरत होता. लिफ्ट बसवताना तो काढावा लागतो, आणि गाडी स्टँडवर लटकलेली असतानाच परत आवळला होता. अशाने रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. तो आवळायचा चाकांवर वजन आल्यावरच. आम्ही बोल्ट सोडला, गाडी दोन-चारदा दाबून बसू दिली आणि टॉर्क पान्याने पुन्हा आवळला. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे, हे त्याने वहीत लिहून घेतलं.