चाकावरची काळी धूळ, बाटलीतले आम्ल

पावसाळाभर चिखल तुडवलेली मोटार दसऱ्याच्या सुमारास धुण्यास निघते. सामान मालक विकत आणतो आणि धुण्याचे काम बहुधा चालक किंवा रखवालदार करतो. बाटली निवडताना प्रथम विचार व्हावा तो त्याच्या हातांचा.

मिश्रधातूच्या चाकावर बसणारी तपकिरी-काळी पूड ही निव्वळ रस्त्याची माती नसते. ब्रेक पॅड आणि डिस्क यांच्या घर्षणातून निघालेले लोहकण तप्त अवस्थेत चाकाला चिकटतात, ओलाव्याने गंजतात आणि साध्या साबणाला दाद देत नाहीत. तीव्र आम्लाचा मोह होतो तो येथेच. चाके झटपट उजळणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा ते निर्माण करणारे अमोनियम बायफ्लोराइड असते. असे सौम्य द्रावण हातावर पडले तरी तत्काळ आग होत नाही, आणि खरा धोका त्यातच आहे. वेदना काही तासांनी सुरू होते. तोवर फ्लोराइड त्वचेखाली उतरून शरीरातील कॅल्शियम बांधू लागलेले असते, आणि इजा हाडापर्यंत पोहोचू शकते. संशय येताच वाहत्या पाण्याखाली हात धरून थेट रुग्णालय गाठावे. कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हा त्यावरील उपचार आहे. संडास धुण्याचे आम्ल चाकाला लावण्याची रीतही तितकीच वाईट. त्याने चाकाचा पारदर्शक लेप उतरतो आणि ब्रेकची डिस्क गंजते.

त्याऐवजी ‘पीएच न्यूट्रल’ असा स्पष्ट उल्लेख असलेले, थायोग्लायकोलेटयुक्त लोहनिवारक घ्यावे. लोहकणांशी संयोग होताच ते जांभळे होते. दुर्गंध मात्र सोसावा लागतो. चाक थंड असावे, गाडी सावलीत असावी, द्रव चाकावर सुकू देऊ नये आणि हातात नायट्राइलचे मोजे असावेत. दर आठवड्याला सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश फिरत असेल, तर ही बाटली वर्षातून एकदोनदाच उघडावी लागते.

जैन घरासाठी आणखी एक पारख आवश्यक आहे. गाडी पुसण्याचे पिवळसर ‘शॅमॉय’ हे मूळचे मेंढीचे कातडे, आणि ते परंपरेने माशाच्या तेलात कमावले जाते. चामड्याच्या आसनांना लावायच्या लेपांत मेंढीच्या लोकरीतील लॅनोलिन, मधमाश्यांचे मेण किंवा गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेले ‘नीट्सफूट’ तेल आढळते. चाकांसाठीचे काही उंची ब्रश डुकराच्या केसांचे असतात. कार्नोबा हे ताडवर्गीय झाडाच्या पानांचे मेण. परंतु पॉलिशच्या डबीत त्याबरोबर मधमाश्यांचे मेणही मिसळलेले असू शकते, म्हणून घटक वाचूनच डबी घ्यावी. आसने कृत्रिम चामड्याची असतील तर कोणत्याच तेलाची गरज नाही. सौम्य साबणाचे पाणी आणि जुन्या धोतराचा ओला तुकडा पुरतो, दुकानदार काहीही म्हणो.

आतील भागात खाऊच्या कणांमागे मुंग्या येतात. थेट व्हॅक्यूम लावण्यापूर्वी मऊ पुंजणीने त्यांना यतनापूर्वक बाहेर काढावे. गाडीत कीटकनाशक फवारू नये, कारण बंद काचांआड तीच हवा मुलांच्या श्वासात जाते. सिलिकॉनची चकाकी स्टिअरिंग आणि पेडलवर मुळीच नको, पाय घसरतो. डॅशबोर्डवरही ती नसलेली बरी, कारण तिचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते. सीटबेल्टला ब्लीच लावल्यास पट्ट्याचे धागे कमकुवत होतात. अमोनियायुक्त द्रवाने काचेवरील फिल्म बिघडते. फवारणीचे दाबयुक्त डबे मात्र उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नयेत.

मोटारींच्या सुट्या सामानाची दुकाने समाजातील अनेक कुटुंबांची आहेत. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि विषवाणिज्य यांची गणना होते. कातडे, केस आणि आम्ल फळीवर मांडताना ही दोन नावे आठवणे स्वाभाविक आहे. सुटे आम्ल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून देण्याची प्रथा तर तत्काळ थांबवण्याजोगी आहे. तहानलेला माणूस ते पाणी समजून पिऊ शकतो, आणि हात भाजून कोणी रुग्णालयात पोहोचला तर डॉक्टर प्रथम विचारतात ते बाटलीवरचे लेबलच तिथे नसते.