माळ्यावरचे ओझे

भोईवाड्याच्या नावातच ओझे आहे. पालखी खांद्यावर वाहणारा तो भोई. मेणे गेले, पालख्या देवळापुरत्या उरल्या. खांद्यावरचे ओझे मात्र उतरले नाही, ते आता पोटमाळ्याकडे चालले आहे. परळ, लालबाग, दादर या भागांत जागेचा भाव सर्वांना ठाऊक आहे. लहान कारखान्याचा मालक म्हणतो, लांबी-रुंदी वाढत नाही तर निदान उंची तरी वापरू. आणि गाळ्यात लोखंडी तुळया टाकून माळा उभा करतो. खाली लेथ, ड्रिल, वेल्डिंग. वर सळ्या, साचे, जळालेली मोटर, फुटका गिअरबॉक्स आणि 'कधीतरी लागेल' या सदरातील सगळे सामान. हे सामान वर जाते कसे, एवढाच आमचा विषय. व्याख्यानमालेत साहित्याला आणि राजकारणाला गर्दी होते, कप्पीला होत नाही, हे आम्ही जाणून आहोत. पण आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा कर्ता माणूस त्या कप्पीखाली उभा असतो.

प्रथम वजन. आमचे लोक वजन डोळ्यांनी करतात आणि फसतात. गोल सळईचा हिशेब प्रत्येक फिटरला यावा असा सोपा आहे: व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करावा, १६२ ने भागावे, दर मीटरला किती किलो ते निघते. पन्नास मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे १५.४ किलो भरते. सहा मीटर लांबीची एकच सळई म्हणजे साडेब्याण्णव किलो! दिसायला ती मनगटाएवढी जाड, म्हणून दोघे पोरे 'त्यात काय' म्हणून उचलायला जातात.

माणसाने उचलावे तरी किती? सिमेंटची गोणी पन्नास किलोची; ती पाठीवर घेऊन शिडी चढणारे आपण रोज पाहतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली पुरुष कामगारासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली. अमेरिकेतील संशोधकांनी १९९१ साली आपले सूत्र सुधारले, त्यात ओझे अंगाशी, कंबरेच्या उंचीवर, पकड उत्तम, अशी सर्व अनुकूलता असतानाही आकडा धरला २३ किलो. एवढी तफावत का? उत्तर कण्यात आहे. कमरेचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर ओढतात. आपण वीस किलोचा नग हात पुढे करून अर्ध्या मीटरवर धरला, तर अंतर दसपट, म्हणून स्नायूंना जोरही दसपट, म्हणजे दोनशे किलोंचा लावावा लागतो, आणि तो सगळा मणक्यांमधल्या गादीवर येतो. वाकलेल्या धडाचे वजन आम्ही यात धरलेलेच नाही. शिडीवर तर ओझे अंगाशी नीट धरताच येत नाही. एक हात शिडीला, एक नगाला. पंचविशीत हे चालते. चाळिशीत तोच माणूस सकाळी खाटेवरून उठताना भिंत धरतो, आणि त्याची नोंद कोणत्याही अपघात-वहीत नसते.

म्हणून मग कप्पी आली. माळ्यावरच्या तुळईला कप्पी टांगतात आणि मालक समाधानाने म्हणतो, आता सोय झाली. सोय झाली ती दिशेची. वर ओढण्याऐवजी खाली ओढता येते, अंगाचे वजन कामी येते. पण शंभर किलो उचलायला शंभर किलोंचाच जोर लागतो, घर्षणाचा थोडा अधिकच. आणि या ठिकाणी एक गोष्ट अशी आहे की जी चांगले चांगले मिस्त्रीही विसरतात. दोराच्या एका बाजूला शंभर किलोंचा नग, दुसऱ्या बाजूला शंभर किलोंची ओढ. मग तुळईवर भार किती? दोनशे! नगाच्या वजनावरून तुळई निवडली तर ती निम्म्यानेच पुरी पडेल. त्यात दोर सुटून पुन्हा झटक्याने पकडला गेला, तर हिशेब आणखी बिघडतो. एक दोर तुळईला बांधून नगावरच्या फिरत्या कप्पीतून काढला, तर जोर निम्मा होतो, दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो. फुकट काहीच मिळत नाही.

चेनपुलीचे मर्म हेच आहे. जुन्या घडणीच्या चेनपुलीत वर दोन चाके एकमेकांस जोडलेली असतात, एक किंचित मोठे, एक किंचित लहान. समजा, वीस आणि अठरा सेंटिमीटर व्यासाची. मोठ्यावर साखळी जेवढी चढते, त्याहून थोडीशी कमी लहानावरून उतरते. त्या फरकाच्या निम्म्याने नग वर जातो. हिशेब केला तर जोर विसाव्या हिश्शाचा, आणि एक मीटर उचलायला वीस मीटर साखळी. घर्षण इतके की अर्ध्याहून अधिक मेहनत त्यातच जाते. पण ते घर्षणच आपला मित्र आहे: हात सुटला तरी नग जागच्या जागी थांबतो. हल्लीच्या चेनपुलीत दात्यांची चाके आणि ब्रेक हेच काम करतात.

चेनपुली खुंटीला आणि नग माणसांच्या हाती, असे दृश्य आम्ही अनेक गाळ्यांत पाहिले आहे. कारण विचारले तर कामगारच सांगतो, "वेळ जातो, साहेब." तीन मीटरच्या माळ्याला साठ मीटर साखळी ओढायची, आणि काम उक्ते. वेळ त्याच्या खिशातून जातो, कंबरही त्याचीच जाते. तेव्हा नुसते 'सुरक्षितता पाळा' असे फलक लावून काही होत नाही. चढवण्याचा वेळ मजुरीच्या दरात धरला पाहिजे.

आता दोर बांधण्याविषयी. नगाला दोन बाजूंनी फास घालून आकड्यात अडकवतात. दोन्ही पाय सरळ उभे असले तर प्रत्येकावर निम्मा भार. ते फाकत जाऊन जमिनीशी तीस अंशांवर आले, की प्रत्येक पायावर नगाचे पूर्ण वजन येते. दोर आखूड पडला म्हणून ताणून बांधणे, ही काटकसर नव्हे.

आमच्या अनुभवात सर्वांत वाईट जागा खाली नसून वर आहे. नग माळ्याच्या कडेला आला की वरचा पोरगा वाकून त्याला आत ओढतो. कठडा सामानासाठी काढलेला असतो. नग झुलतो, त्याच्याबरोबर पोरगाही. एका गाळ्यात असाच एक मुलगा खाली आला. जगला, पण लेथवर पुन्हा उभा राहिला नाही. उपाय महाग नाही: तुळई माळ्याच्या आत मीटरभर घ्यावी, तिच्यावर चाकांची ट्रॉली लावावी, म्हणजे नग आपणहून आत येतो.

काही ठिकाणी सामानाचा पाळणा असतो आणि त्यात माणसेही बसतात. १८५४ साली एलिशा ओटिसने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः पाळण्यावर उभे राहून वरचा दोर तोडवला आणि पाळणा अडकून राहिला. जगाने लिफ्टवर विश्वास ठेवला तो त्यानंतर. गाळ्यातल्या पाळण्याला ती अडकण नसते.

कायदा काय म्हणत होता? १९४८ च्या कारखाने कायद्याने लिफ्टची तपासणी सहा महिन्यांनी आणि चेनपुलीसारख्या साधनांची वर्षातून एकदा ठरविली, साधनावर सुरक्षित भार लिहिण्याची सक्ती केली, आणि इजा होईल इतके ओझे कोणास उचलावयास लावू नये असे चौतिसाव्या कलमात सांगितले. पुढे २०२० ची संहिता अशा तेरा कायद्यांची जागा घेण्यासाठी संमत झाली. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसे असली तर तो जुना कायदा मुळात लागू होत असे. आमच्या गाळ्यात सहा! दुसरीकडे, अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्राने त्यांचा कायदा केला. मंडळे झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. तो कायदा नेमून दिलेल्या धंद्यांतील ओझेवाल्यांचा. गाळ्यातला मुलगा माथाडी नव्हे आणि त्या व्याख्येने कारखान्याचा कामगारही नव्हे. तो 'हेल्पर'.

अशा एका गाळ्यात आम्ही मालकाशी दोन बैठका केल्या. तिसरी लागली नाही. सळ्या भिंतीलगतच्या रॅकवर खाली आल्या, गिअरबॉक्स भंगारात गेला, माळ्यावर आता खोके आणि वह्या आहेत. मालकाने हिशेब केला तेव्हा वर ठेवलेल्या निम्म्या सामानाला चार वर्षांत कोणी हात लावला नव्हता.