लाल दिवा उतरला. पण जुना दिवा ओळखायचा कसा?

‘लाल दिव्याची गाडी मिळाली’ म्हटले, की अमक्याला मंत्रिपद किंवा महामंडळ मिळाले, हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. १ मे २०१७ पासून हा दिवा मंत्र्यांच्या गाड्यांवरून उतरला. आता जुन्या सरकारी रुग्णवाहिका, बंब आणि जीपही भंगारात निघत आहेत, कारण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी आणि पालिकांच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या काही खास गाड्या तेवढ्या वगळल्या आहेत.

गाडीसोबत टपावरचा दिवाही जातो. पेठ वडगावहून शिरोलीमार्गे कोल्हापूरकडे येणारा महामार्गाचा पट्टा फौंड्रींचा. इथे भंगाराला वजनावर भाव मिळतो. दिव्याचा ॲल्युमिनियमचा तळ किलोवर जातो आणि काच कचऱ्यात. त्यामुळे ज्यांना असे दिवे जपायचे आहेत, त्यांनी ते भट्टीत जाण्याआधी ओळखायला हवेत.

रंग काय सांगतो?

रंगावरून दिवा कोणत्या गाडीवरचा, याचा पहिला अंदाज येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ हा त्याचा आधार. त्यात लाल दिवा मानाच्या पदांसाठी होता आणि त्याचेही दोन प्रकार होते, फ्लॅशरसह आणि फ्लॅशरविना. म्हणजे लाल घुमटाच्या आत मोटार किंवा फ्लॅशर नसेल, नुसता बल्ब असेल, तर दिवा लगेच अपुरा समजू नका. तो मूळचाच तसा असू शकतो.

याच नियमात रुग्णवाहिकेसाठी जांभळ्या काचेचा लुकलुकणारा लाल दिवा सांगितला होता. त्यामुळे जांभळट काचेचा दिवा हाती आला, तर तो जुन्या रुग्णवाहिकेवरचा असण्याची शक्यता मोठी. राज्यात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवर टपभर पसरलेली दिव्यांची पट्टी दिसते. एकटा गोल घुमट ही त्याआधीच्या काळाची खूण. पिवळा म्हणजे अंबर दिवा मात्र क्रेन, रस्तेदुरुस्तीच्या गाड्यांवरही असतो. तो सर्वांत सहज मिळतो.

आत काय फिरते?

घुमट उघडला की दिव्याची पिढी कळते. जुन्या फिरत्या दिव्यात बल्ब स्थिर असतो आणि त्याच्याभोवती वाटीसारखा आरसा छोट्या मोटारीवर फिरतो. काही दिव्यांत बल्बच फिरतात. तिथे वीज पोहोचवायला कार्बन ब्रश आणि कडी असते. अमेरिकेतील फेडरल सिग्नल कंपनीचा ‘बीकन रे’ हा १९४८ मध्ये आलेला दिवा याच घराण्यातला.

पुढची पिढी झेनॉन नळीच्या स्ट्रोबची. त्यात फिरणारे काही नसते, क्षणभर लख्ख झोत पडतो. त्यानंतर एलईडी. प्रखर निळा एलईडी १९९० च्या दशकात आला. म्हणून निळ्या एलईडीचा दिवा कोणी ‘साठ सालचा’ म्हणून विकत असेल, तर सौदा तिथेच थांबवा.

वय कसे ठरवायचे?

घुमटावर नखाने हलके टिचकी मारा. काच असेल तर खणखणीत आवाज येतो, हाताला गार आणि जड लागते. ॲक्रिलिक जुने झाले की केसासारख्या बारीक चिरा पडतात. पॉलिकार्बोनेट पिवळट, धुरकट होते. उन्हात राहिलेला लाल घुमट नारिंगीकडे झुकतो. पण तळ चोवीस वर्षांच्या उन्हापावसाचा आणि घुमट नवाकोरा चकचकीत असेल, तर घुमट बदललेला आहे असे समजा.

मग तळाचे लेबल वाचा. सहा आकडी पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पत्त्यात तो असेल, तर दिवा त्यानंतरचा. ‘बॉम्बे’चे ‘मुंबई’ १९९५ मध्ये झाले, तेही उपयोगी पडते. दहा आकडी मोबाइल क्रमांक किंवा बारकोड दिसला, तर दिवा अलीकडचा.

परदेशी दिव्यावर वर्तुळात ‘ई’ आणि आकडा असतो. हा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा. १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ११ ब्रिटन. ही पद्धत १९५८ च्या जिनिव्हा करारातून आली, म्हणून असा शिक्का त्याआधीच्या दिव्यावर असूच शकत नाही. 

चालू करण्यापूर्वी

बल्बवर व्होल्ट लिहिलेले असतात, ते आधी पाहा. अँबॅसिडर किंवा जीपवरचा दिवा बहुधा १२ व्होल्टचा, मोठ्या ट्रकच्या चासीवरचा अनेकदा २४ चा. १२ चा दिवा २४ वर लावला, तर बल्ब जातोच, मोटारही जळते. जोडताना मध्ये फ्यूज घाला. मोटार अडकली असेल तर जोर लावू नका, बहुतेकदा जुने ग्रीस सुकलेले असते.

घुमट साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. थिनर किंवा पेट्रोल लावले, तर प्लॅस्टिकला चिरा पडतात आणि त्या भरून येत नाहीत. स्ट्रोब दिवा घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

कायद्याचे काय?

नियम आहे तो दिवा गाडीवर लावण्याबद्दल, कपाटात ठेवण्याबद्दल नाही. पण दिवा सरकारी गाडीचा असेल, तर तो लिलावातून किंवा अधिकृत भंगार केंद्रातून बाहेर पडल्याची पावती हवी. पावतीशिवाय मिळणारा स्वस्त दिवा चोरीचा असू शकतो.

हौस म्हणून तो स्वतःच्या गाडीवर चढवणे मात्र बेकायदा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्येच लाल दिव्यांच्या वापरावर मर्यादा घातली होती. २०१७ नंतर तर अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलिस आणि आपत्ती निवारण अशा कामांच्या गाड्यांनाच हे दिवे उरले. जुलै २०२४ मध्ये पुण्यातील प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी गाडीवरील दिव्याचे प्रकरण राज्यभर गाजले, ते याचमुळे.

या कडक नियमामागे साधे कारण आहे. रुग्णवाहिका किंवा बंबाला वाट न देणाऱ्यास आज १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हाच महामार्ग पाण्याखाली गेला होता. अशा वेळी दिवा दिसला की लोक न विचारता बाजूला होतात, कारण त्यांचा त्यावर विश्वास असतो. हौशी माणसाच्या गाडीवर तोच दिवा फिरू लागला, तर पुढच्या खऱ्या रुग्णवाहिकेला वाट मिळायला उशीर होतो.

संग्रहातल्या प्रत्येक दिव्यासोबत एक चिठ्ठी ठेवा. कोणत्या गाडीवरचा, कुठून घेतला, किती व्होल्टचा, काय बदलले. ही माहिती नसेल, तर दिवा पुढच्या पिढीला पुन्हा भंगारच वाटेल.