सिकलसेल : निदान झाले, पुढे काय?

सिकलसेल हा केवळ आदिवासींचा आजार, हा समज खोटा आहे. विदर्भातील आपल्या बौद्ध वस्त्यांतही तो पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने निर्मूलन मोहीम सुरू केली. तपासणी झाली, हातात कार्ड आले. पुढे काय?

हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात. पण ती चालू असताना ठरावीक काळाने रक्तपेशी मोजाव्याच लागतात. पांढऱ्या पेशी फार घटल्या तर गोळी थांबवावी लागते. हे जाणणारा रक्तविकारतज्ज्ञ मात्र मोठ्या शहरात! सिरोंच्याच्या मजुराने रोजी बुडवून किती वेळा नागपूर गाठावे?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. त्याचे कलम २५ सांगते की, शासनाने ठरवलेल्या उत्पन्न मर्यादेतील दिव्यांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मोफत उपचार मिळावेत. म्हणून आम्ही म्हणतो, तालुक्याला रक्ततपासणी आणि तज्ज्ञाची ठरलेली फेरी ही मेहरबानी नव्हे, शासनाचे कर्तव्य आहे.

बांधवांनो, आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढा. मग जिल्हा शल्यचिकित्सकांकडे या कलमाचा उल्लेख करून मागणी करा. तोंडी विनवण्या पुरे झाल्या. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.