खुराड्याचा बंदोबस्त

गोदावरीच्या दक्षिण तीरावरील विष्णुपुरी हे गाव शंकरराव चव्हाणांचे नाव धारण करणाऱ्या जलप्रकल्पामुळे, काळेश्वराच्या मंदिरामुळे आणि 1994 साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठामुळे सर्वपरिचित झाले असले, तरी त्याची आणखी एक ओळख सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एका बाजूस जलाशय आणि त्याच्या काठचे बेशरमाचे गचपण, दुसऱ्या बाजूस उपशाच्या पाण्यावर पोसलेले उसाचे व केळीचे मळे, मध्ये वसाहती, आखाडे आणि वेड्या बाभळींनी व्यापलेली माळरानाची राखण, अशी ही भूमी कोल्हा, बाऊल (रानमांजर), मुंगूस, उदमांजर, घोरपड, नाग आणि घार यांच्या संसारास फार अनुकूल आहे. त्याच भूमीत घरामागे पाच-पंधरा गावरान कोंबड्या बाळगणारी कुटुंबेही आहेत. आणि अंड्यांचा पैसा हा बहुधा घरच्या बाईच्या हातचा, कोणालाही हिशेब न देता मुलाच्या वहीपेन्सिलीस किंवा दवापाण्यास लागणारा पैसा असल्यामुळे, एका रात्रीत खुराडे रिकामे झाले म्हणजे होणारी हानी बाजारभावाने मोजता येण्यासारखी नसते.

अशा सकाळी संतापाच्या भरात काठी हाती घेण्यापूर्वी पंचनामा करावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे, कारण प्रत्येक चोराची रीत निराळी असते. पक्षी समूळ नाहीसा होऊन पिसांचा माग कुपाटीपर्यंत गेला असेल, तर संशय कोल्ह्यावर किंवा बाऊलावर घ्यावा. अंडी गेली आणि टरफलाचा तुकडाही मागे राहिला नाही, तर ती अखंड गिळणारा नाग किंवा घोरपड येऊन गेली असे समजावे. भरदिवसा अंगणातून एकच पिल्लू गेले, तर वर आकाशाकडे किंवा शेजारच्या लिंबावर बसलेल्या शिक्र्याकडे पाहावे. लहान पिल्ले रात्रीतून एकेक करून कमी होत असतील, तर गुन्हेगार बहुधा रानातला नसून भिंतीखाली बीळ करून राहिलेली घूस असते. गावातील मोकाट कुत्र्यांची कृत्येही पुष्कळदा रानातील प्राण्यांच्या नावावर जमा होतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

खुराड्यात अनेक कोंबड्या मारून टाकलेल्या आणि खाल्लेली मात्र एकच, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या प्राण्याच्या ठायी निव्वळ क्रौर्य दिसते. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने 1972 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचा उलगडा केला आहे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत, काळोख्या वादळी रात्री पक्षी जागचे हलत नसत, तेव्हा कोल्हे गरजेपेक्षा कितीतरी अधिक पक्षी मारीत. भक्ष्य पळून गेले की शिकार आपोआप थांबते. ते पळतच नाही तेव्हा शिकाऱ्याची मारण्याची प्रेरणा पुनःपुन्हा चाळवली जाते. कोंबडीला रात्री जवळजवळ दिसत नाही, आणि बंद खुराड्यात पळण्यास जागाही नसते. म्हणजे आपण कच्चे खुराडे बांधतो तेव्हा तीच वादळी रात्र आपल्या हाताने दररोज निर्माण करतो.

मुंगसाची गोष्ट याहून उद्बोधक आहे. उसातील उंदरांचा नायनाट व्हावा म्हणून 1872 साली हिंदुस्थानातील लहान जातीची मुंगसे जमैका बेटावर नेण्यात आली, आणि तेथून 1883 साली हवाई बेटांवर. तेथे त्यांनी उंदीर खाल्ले खरे, परंतु जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि लोकांच्या कोंबड्या यांचाही फडशा पाडला. मुंगूस ज्या भूमीत उपजले त्या भूमीत मात्र त्याला धाक घालणारे इतर प्राणी आहेत आणि त्याचे काम ठरलेले आहे. बाऊलाचेही तसेच. शोमिता मुखर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात केलेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक बाऊल दिवसाला तीन ते पाच उंदीर खाते असा अंदाज निघाला. विष्णुपुरीच्या उसात लपून राहणारे बाऊल सालभरात ज्या उंदरांचा हिशेब चुकता करते, त्यांनी पोखरलेला ऊस आणि कुरतडलेले धान्य यांच्यासमोर खुराड्यातून नेलेली एखादी तलंग ठेवून पाहिली, म्हणजे त्या प्राण्याला जिवे मारण्याचा विचार शेतकऱ्याच्याच हिताविरुद्ध जातो हे उघड होते.

तेव्हा प्रश्न उरतो तो खुराड्याचा. पूर्वी आमच्या भागात पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा कूड घालून, वर शेणामातीचा जाड गिलावा देऊन, घराच्या भिंतीला टेकूनच खुराडे करीत आणि त्याचे तोंड दगडाने बंद करीत. खुडूक उठलेली, पिल्लांसह हिंडणारी कोंबडी दुपारी डालग्याखाली झाकीत. ही व्यवस्था दिसण्यास ओबडधोबड असली तरी तीत फट नसे. आज वसाहतींतून दिसणारे खुराडे षट्कोनी छिद्रांच्या पातळ जाळीचे असते. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, परंतु कोल्ह्याला किंवा कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही, आणि तिच्या छिद्रांतून साप सहज आत शिरतो. अर्ध्या इंचाची, जोड डाक देऊन पक्के केलेली जाळी महाग पडते, परंतु खर्च करावयाचा तो तेथेच करावा. ती भिंतीच्या पायाशी फूटभर जमिनीत पुरावी किंवा बाहेरच्या अंगास फूटभर आडवी पसरून वर माती लोटावी. उकरणारा प्राणी नेहमी भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरतो आणि जाळी लागताच सहसा नाद सोडतो. पत्र्याखालची फट बुजवावी, कारण उदमांजर वरूनच येते. कडी अशी असावी की नुसत्या धक्क्याने ती उघडू नये. दिवेलागणीला कोंबड्या आपसूक आत येतात. त्या वेळी दार लावण्याची जबाबदारी घरातील एकाच माणसाकडे असावी, कारण सर्वांवर सोपवलेले काम कोणीच करीत नाही.

दिवसाचा पहारा कोंबडा स्वतः देतो. एव्हान्स दांपत्य आणि पीटर मार्लर या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी 1993 साली दाखवून दिले की, वरून येणाऱ्या ससाण्यासाठी आणि जमिनीवरून येणाऱ्या श्वापदासाठी कोंबड्याची इशारत वेगवेगळी असते, आणि नुसती इशारत ऐकूनही कोंबड्या त्या त्या संकटास अनुरूप असे वागतात. अंगणात लपण्यास झुडूप किंवा तुराट्यांचा आडोसा नसेल, तर ही इशारत व्यर्थ जाते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी तयार केलेल्या वनराज जातीत रंगीत पिसे आणि लांब पाय हे गुण आहेत, ते लपण्यास आणि पळून जाण्यास उपयोगी ठरतात. पांढरी शुभ्र कोंबडी घारीला दुरूनही दिसते.

सापाचा बंदोबस्त वस्तुतः दाण्याच्या बंदोबस्तात आहे. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग. रात्री दाणा उघडा ठेवू नये, अंडी दोन्ही वेळा उचलावी आणि घरट्यात हात घालण्यापूर्वी बॅटरी लावून पाहावे.

विषाविषयी मात्र तडजोड नाही. मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक घालून ती कुपाटीजवळ टाकण्याचा प्रघात काही ठिकाणी अजून आहे. त्या एका मांसाने कोल्ह्याबरोबर घार, कावळे आणि शेजाऱ्याचा राखणीचा कुत्राही मरतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फास लावणे, सापळा रचणे आणि विष घालणे या सर्वांना शिकारच मानले आहे आणि वर उल्लेखिलेल्या बाऊल, मुंगूस, कोल्हा, घोरपड व नाग यांना त्या कायद्याचे संरक्षण आहे. खुराड्यात नाग किंवा बाऊल अडकलेले आढळल्यास दार बाहेरून लावून घ्यावे, मुलांना दूर ठेवावे आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर खबर द्यावी.